माणूस गेला, मागे कर्ज राहिलं आणि शिल्लक फारशी नाही: वारसांनी काय करायचं

घरातलं कुणी गेलं की तेरावा व्हायच्या आतच फोन सुरू होतात. बँकेचा, फायनान्सवाल्याचा, पतपेढीच्या वसुलीवाल्याचा, आणि मग कुणीतरी ओळखीचे काका येऊन बसतात, चहा घेतात आणि जाता जाता सांगतात की त्यांनी माझ्याकडून साठ हजार घेतले होते, आत्ता बोलणं बरं दिसत नाही पण कानावर घालतो. घरातली माणसं तेव्हा इतकी थकलेली असतात की समोरचा दाखवेल तिथे सही करून मोकळी होतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. म्हणून हे लिहितेय. प्रत्येकाच्या घरचं वेगळं असतं, त्यामुळे एक-दोन-तीन असं सरळ सांगता येणार नाही, पण आधी माहीत असलं तर घर वाचतं अशा गोष्टी भरपूर आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट. गेलेल्या माणसाचं कर्ज त्याने मागे जे ठेवलं त्यातून फेडायचं असतं, तुमच्या पगारातून किंवा तुमच्या स्वतःच्या एफडीतून नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० हेच सांगतं, की वारसाच्या हातात मृताची जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. वडिलांनी चार लाखाचं कर्ज ठेवलं आणि मालमत्ता सगळी मिळून एक लाखाची, तर देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचे पैसे देणं आहे त्यांना, त्या एक लाखातूनच मिळणार, उरलेले तीन लाख बुडाले. बँकेला हे चांगलं ठाऊक असतं, फोनवरच्या मुलाला ते सांगायचं नसतं एवढंच.

"बापाचं कर्ज मुलाने फेडायचंच असतं, कायदाच आहे तसा" हे अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. हिंदू कायद्यात पूर्वी मुलगा, नातू, पणतू यांच्यावर तसं धार्मिक कर्तव्य मानलं जायचं हे खरं आहे, पण हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जासाठी फक्त त्या कर्तव्याच्या आधारावर मुलांवर वसुली चालत नाही. मुस्लिम कायद्यातही आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर वारसांचे हिस्से, आणि वारस आपल्या वाट्याला आलं तेवढ्यापुरताच जबाबदार. गोव्यात मात्र गणित वेगळं आहे, तिथे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामायिक धरतात, म्हणून तिथल्या कर्जाबद्दल तिथल्याच वकिलाला विचारल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

आता तुम्ही स्वतः कधी अडकता ते बघा. तुम्ही सहकर्जदार असाल तर ते कर्ज तुमचंही आहे, घरकर्जात बायको आणि शैक्षणिक कर्जात आई-वडील बहुतेक वेळा सहकर्जदार असतातच. जामीनदार असाल तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, आधी मृताच्या मालमत्तेवर वसुली करून मग माझ्याकडे या असं म्हणता येत नाही, मात्र तुम्ही जे भराल ते नंतर त्याच्या मालमत्तेतून मागण्याचा हक्क तुम्हाला राहतो. दवाखान्यात ॲडमिट करताना "बिलाची जबाबदारी माझी" अशा कागदावर सही केली असेल तर ते बिल तुमच्या नावाचं झालं. आणि उलटंही तपासा, गेलेला माणूस दुसऱ्या कुणाला जामीन होता का, कारण ती जबाबदारीसुद्धा त्याच्या मालमत्तेवर येऊ शकते आणि ती घरात कुणालाच माहीत नसते.

पहिल्या महिन्यात काय करायचं नाही

कुठल्याही कागदावर सही करायची नाही, निदान वाचून, कुणा जाणत्याला दाखवून मगच. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचे मिस्टर गेले, पंधरा दिवसांत पतपेढीवाले आले, म्हणाले वहिनी फक्त खातं नवं-जुनं करून घेऊ म्हणजे व्याज वाढणार नाही, आणि त्यांनी सही केली. नवं-जुनं म्हणजे काय झालं, तर नवऱ्याचं कर्ज बंद पडून तेवढ्याच रकमेचं नवं कर्ज बाईंच्या नावावर चढलं, आणि नवऱ्याच्या मागे तर एक जुनी दुचाकी सोडून काहीच नव्हतं. सही केली नसती तर त्यांना स्वतःच्या खिशातून एक रुपयाही देणं लागत नव्हतं.

त्याचप्रमाणे "बाकी मान्य आहे" अशा पत्रावर सही करू नका आणि "निदान हजार रुपये तरी भरा, चांगुलपणा म्हणून" याला भुलू नका. साध्या पैशाच्या दाव्याला मुदत साधारण तीन वर्षांची असते, गहाणाच्या वसुलीला बारा. मुदत संपायच्या आत कुणी लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली तर ती मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते, आणि मुदत संपून गेलेल्या कर्जाचंही लेखी वचन दिलं तर ते वचन देणाऱ्यावर बंधनकारक होतं. स्वतःच्या खात्याचा चेक तर अजिबात द्यायचा नाही. गेलेल्या माणसाचा चेक बाउन्स झाला म्हणून वारसावर फौजदारी होत नाही, पण तुम्ही दिलेला चेक बाउन्स झाला तर तुमच्यावर होऊ शकते.

आणि एटीएम. पिन माहीत असतो, हाताशी पैसे नसतात, लोक जाऊन काढून आणतात, फोनवरून यूपीआय करतात. समजू शकते, पण मृत्यूनंतर त्या खात्याला हात लावणं धोक्याचं आहे, उद्या देणेकरी किंवा दुसरा वारस तुम्हालाच जाब विचारतो. पेन्शन जमा होत असेल तर बँकेला लगेच कळवा, जास्तीची जमा झालेली पेन्शन परत वसूल होते. सोनं, गाडी, भांडी वाटून टाकणं, भावाच्या नावावर करणं हेही थांबवा, कारण हातात आलेली मालमत्ता तुम्ही अशीच उडवली तर तेवढ्या किमतीपुरते तुम्ही स्वतः अडकता.

काय आहे आणि काय देणं आहे

मृत्यूचे दाखले आठ-दहा प्रती काढून ठेवा, नोंद २१ दिवसांच्या आत झाली तर कटकट नाही. मग एक वही घ्या, एका बाजूला येणं, दुसऱ्या बाजूला देणं. पासबुकातल्या दोन वर्षांच्या नोंदी एकेक करून वाचा, दर महिन्याला ठराविक तारखेला काय कापलं जात होतं त्यावरून हप्ते कळतात. मोबाईल बंद करू नका, सिम चालू ठेवा, अर्धी कर्जं मेसेजवरूनच सापडतात. शेती असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा कुणाचा आहे बघा, विकास सोसायटीचा इकरार, म्हणजे जमीन कर्जाला बांधल्याचा करार, आहे का बघा. कृषी सेवा केंद्राची उधारी, किराणा, भिशी, बचत गट हेही लिहा.

पासबुक वाचताना मे-जूनमध्ये ४३६ रुपये आणि २० रुपये कापलेत का हे नक्की शोधा. ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख (फक्त योजनेत नव्याने आल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू झाला तर मिळत नाहीत), आणि २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाख. कितीतरी घरांना हे माहीतच नसतं, खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते आणि पैसे गपचूप कापले जात असतात. दावा त्याच बँकेत करायचा, जितक्या लवकर तितकं बरं. शेतकरी कुटुंबात अपघाताने मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळतात, तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा. आणि प्रत्येक कर्जाचं मंजुरीपत्र काढून बघा, त्यात विम्याचा हप्ता कापलेला असतो का, कारण घरकर्ज, पर्सनल लोन, मायक्रोफायनान्सच्या गट कर्जालासुद्धा बऱ्याचदा विमा जोडलेला असतो आणि तो असला तर ते कर्ज विमा कंपनीने फेडायचं असतं. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आता एक फरक नीट समजून घ्या, यावरच घर उभं राहतं. काही पैसे हे मृताची मालमत्ता नसून थेट तुमचे असतात, देणेकऱ्यांचा त्यावर हात पोचत नाही. प्रॉव्हिडंट फंड हा सगळ्यात पक्का, ईपीएफ कायद्याच्या कलम १० मध्ये सरळ लिहिलंय की नॉमिनीला मिळणारी रक्कम मृताच्या कर्जापासून मुक्त आहे. त्यासाठी फॉर्म २०, विधवा आणि मुलांच्या पेन्शनसाठी १०-डी, आणि नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर विम्यासाठी ५-आयएफ, ज्यात सात लाखापर्यंत मिळू शकतात. ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नाही. नवऱ्याने विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, म्हणजे १८७४ च्या, पॉलिसी काढली असेल तर ती बायको-मुलांचीच, सावकार काही करू शकत नाही. साधी पॉलिसी जिथे बायको-मुलं नॉमिनी आहेत तीही बहुतेक वेळा सुरक्षित, फक्त ती आधीच बँकेकडे तारण म्हणून लिहून दिलेली नसावी. हे पैसे आले की वेगळ्या, स्वतःच्या एकट्याच्या खात्यात घ्या, जिथे कर्ज आहे त्या बँकेत घेऊच नका.

बँकेतल्या बचत खात्याचं आणि एफडीचं तसं नाही. नॉमिनी आहे म्हणून पैसे नॉमिनीचे होत नाहीत, तो फक्त ताब्यात घेणारा, ते वारसांचे आणि त्याआधी देणेकऱ्यांचे. कर्ज त्याच बँकेत असेल तर बँक त्यातून आधी आपलं वळतं करून घेते. मात्र नॉमिनी असताना बँकेने कोर्टाचा वारसा दाखला मागायचा नसतो, हे रिझर्व्ह बँकेचं जुनंच सांगणं आहे. खात्यात वीस-तीस हजार असतील तर कोर्टात धावण्याआधी शाखेत विचारा, छोट्या रकमेला नॉमिनी नसतानाही हमीपत्रावर काम होतं, वकील आणि कोर्ट फी मिळून मिळणाऱ्या पैशापेक्षा खर्च जास्त व्हायला नको.

सगळ्यांना एकच पत्र

फोनवर वाद घालू नका. प्रत्येक देणेकऱ्याला लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मजकूर साधा ठेवा, असा काहीसा: "श्री. अमुक यांचं अमुक तारखेला निधन झालं, मृत्यूचा दाखला जोडला आहे. त्यांच्या नावावरील कर्जाचा आजअखेरचा हिशेब, कर्जाच्या कागदांच्या प्रती, सहकर्जदार आणि जामीनदारांची नावं, आणि या कर्जाला विमा होता का, हे लेखी कळवावं. हे पत्र वारस म्हणून फक्त माहितीसाठी दिलं आहे, कर्जाची वैयक्तिक जबाबदारी मी यातून स्वीकारत नाही." शेवटचं वाक्य गाळू नका.

हातउसन्याचा दावा करणाऱ्यांनाही हेच विचारायचं, नम्रपणे, की काय लिहून घेतलं होतं, चिठ्ठी, स्टॅम्प पेपर, खात्यावर पाठवल्याची नोंद. खरे देणेकरी रागावत नाहीत, दाखवतात.

थोडे पैसे कुणाला आधी

इथे बहुतेक लोक चुकतात, जो जास्त ओरडतो त्याला आधी देतात. भारतीय वारसा कायदा, १९२५ मध्ये क्रम दिलाय. सगळ्यात आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा दवाखान्याचा खर्च. मग कोर्टाच्या कामाचा खर्च. मग मृताकडे काम करणारे मजूर, गडी, घरकामाच्या बाई यांचा शेवटच्या तीन महिन्यांचा थकलेला पगार. त्यानंतर बाकीची कर्जं, आणि पैसे पुरत नसतील तर सगळ्यांना त्यांच्या रकमेच्या प्रमाणात. तारणवाला आपलं तारणातून घेतो आणि त्याचं काही उरलं तर तोही या रांगेत उभा राहतो. सरकारी कराची बाकी साध्या कर्जाच्या आधी येते.

समजा सगळं मिळून ९०,००० निघाले. अंत्यविधी आणि दवाखाना ३०,००० गेले, राहिले ६०,०००. देणी अशी: पर्सनल लोन १,८०,०००, क्रेडिट कार्ड ६०,०००, शेजाऱ्यांचे हातउसने ६०,०००, एकूण तीन लाख. म्हणजे रुपयाला वीस पैसे. बँकेला ३६,०००, कार्डाला १२,००० आणि शेजाऱ्यांना १२,०००. हा हिशेब कागदावर मांडायचा, सगळ्या वारसांच्या सह्या घ्यायच्या, पावत्या जोडायच्या आणि प्रत्येकाला एक प्रत द्यायची. उद्या कुणी कोर्टात गेलं तर हाच कागद तुम्हाला वाचवतो. आणि काहीच निघालं नाही, तर तसंच लेखी कळवायचं, की मालमत्ता काहीही नाही. अंत्यविधीचा खर्च धरताना गावजेवण त्यात घालू नका, वाजवी म्हणजे वाजवी.

घर, सोनं, शेत, सावकार

घरकर्ज असेल आणि हप्ता झेपत नसेल तर लिलावाची वाट बघू नका. बँकेने साठ दिवसांची नोटीस काढायच्या आधीच जाऊन बोला, मुदत वाढवून हप्ता कमी होतो का, एखाद्या कमावत्या वारसाच्या नावे चालू ठेवता येतं का. नाहीच जमलं तर बँकेची परवानगी घेऊन स्वतः गिऱ्हाईक शोधा, माझ्या मते हा मार्ग लिलावापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला, भाव जास्त येतो आणि वरचे पैसे घरात राहतात. सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स आणि विजेचं बिल मात्र घरामागे येतं, ते टाळता येत नाही.

सोनेतारणात नोटीस दिल्याशिवाय लिलाव करता येत नाही आणि कर्ज वजा जाऊन उरलेली रक्कम वारसांची असते, ती मागा. त्या सोन्यात बाईंचं स्त्रीधन असेल आणि ते न विचारता ठेवलं असेल तर पावत्या, लग्नातले फोटो काढून लगेच लेखी हरकत घ्या.

विकास सोसायटीच्या पीक कर्जाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. जमीन बहुधा कर्जापेक्षा कितीतरी जास्त किमतीची असते, बोजा सातबाऱ्यावर असतो, म्हणून तिथे "मी देणं लागत नाही" म्हणून बसण्यात अर्थ नाही. वारस नोंद लवकर करून घ्या, सचिवांना भेटा, कर्ज वेळेत राहिलं तर तीन लाखापर्यंत व्याज सवलत मिळते आणि थकलं की ती जाते. शेतजमिनीला सरफेसी कायदा, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा, लागत नाही, पण सहकारी संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढते, त्याची नोटीस आली तर हजर राहा आणि मालमत्ता किती आली ते तिथेच मांडा.

खाजगी सावकार हे सगळ्यात वाईट प्रकरण. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवाना नसलेली सावकारी हा गुन्हा आहे. आधी परवाना विचारा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त झालं असेल तर दामदुप्पटीचा नियम आपल्याकडे अजून जिवंत आहे, हे वकिलाला आठवण करून द्या. आणि बेकायदा सावकाराने पंधरा वर्षांच्या आत जमीन किंवा घर खरेदीखताच्या नावाखाली लिहून घेतलं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करून ते परत मिळू शकतं. असे आदेश झालेले आहेत. एकट्याने त्याच्या घरी बोलायला जाऊ नका.

वसुली एजंटला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही, धमक्या, शेजाऱ्यांसमोर तमाशा, नातेवाइकांना फोन यालाही नाही. कॉल रेकॉर्ड करा, बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फुकट आहे, १४४४८ वर माहिती मिळते. "तुमचं सिबिल खराब करू" ही धमकी ऐकून घाबरू नका, तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर त्या कर्जाने तुमचं सिबिल बिघडत नाही.

हे सगळं वाचूनही कुणाला वाटेल की बाबांवर कुणाचं ऋण राहायला नको. ते वाटणं मी खोटं ठरवणार नाही, माझ्या घरातही हीच भावना आहे. फेडायचं असेल तर फेडा. पण मुलांची फी, घरभाडं आणि आईचं औषध यांची सोय झाल्यावर, आपल्या खुशीने, आणि मग ज्या शेजाऱ्याने किंवा मावशीने स्वतःच्या गरजेतून पैसे काढून दिले होते त्यांना आधी. क्रेडिट कार्ड कंपनीने बुडीत कर्जाचा हिशेब व्याजदरात आधीच धरलेला असतो. पीएफचे पैसे पर्सनल लोनमध्ये भरून रिकाम्या हाताने बसलेली घरं बघितली की जीव तुटतो.

बँकेशी एकरकमी तडजोड करायची ठरली तर आधी लेखी मंजुरीपत्र, ज्यात रक्कम, तारीख आणि "पूर्ण आणि अंतिम" हे शब्द असतील, मगच पैसे, आणि तेही बँकेच्या कर्जखात्यातच, एजंटच्या हातात नाही. नंतर बेबाकी दाखला घ्या. सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायचा अर्ज तलाठ्याकडे स्वतः करा, आपोआप निघत नाही. घराचे मूळ कागद कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत द्यायचे असतात, बँकेने उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे आणि कर्जदार गेला असेल तर वारसांना कागद कसे देणार याची पद्धतही बँकेने ठरवलेली असावी लागते.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बाईमाणूस असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही. हेल्पलाइन १५१००. कोर्टाची नोटीस आली तर घरात ठेवून देऊ नका, त्याच आठवड्यात ती घेऊन तिथे जा, कारण तुम्ही हजर राहून "मालमत्ता एवढीच आली" हे सांगितलं नाही तर ते कोर्टाला कळणार कसं.